तिसऱ्या डब्यातली माती

मी फॉरेन्सिकच्या नोकरीला लागले हे आमच्या गल्लीत कळलं, तेव्हा लोकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. मुडद्याची भीती नाही वाटत का, आणि तनखा किती. पहिल्याचं उत्तर मी हसून द्यायची. दुसऱ्याच्या वेळी मी विषय बदलायची, नाहीतर आई मधेच म्हणायची, "आता त सुरुवात हाय. पुढं वाढते."

बाबा पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते. सकाळी सायकलवर लांब लोखंडी चावी घेऊन निघायचे आणि एकेका मोहल्ल्याच्या पाण्याचा वॉल खोलत जायचे. मी बारावीत असताना त्यांनी कुठल्यातरी बातमीत पाहिलं की बोटांच्या ठशावरून चोर पकडला आणि तो ठसा शोधणारी एक बाई होती. संध्याकाळी मला म्हणाले, "असं काम तू करशील त बरं. डोक्याचं काम हाय. कोनापुढं हात जोडा लागत नाई." तेवढ्यावरून मी छिंदवाड्याला बी.एस्सी. केलं आणि सागरला जाऊन फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी. केलं. शेवटच्या वर्षी आम्हा मुलामुलींना कळायला लागलं की सरकारी जागा कधीतरीच निघतात, आणि निघाल्या की साऱ्या राज्यातली जुनीनवी पोरं त्यांच्यावर तुटून पडतात.

मग मी नागपूरला एका खाजगी हस्ताक्षर तज्ज्ञाकडे लागले. चेकवरच्या सह्या, मृत्युपत्रावरचे अंगठे, भिंगाखाली तासन्‌तास पाहायचे. महिन्याचे नऊ हजार. त्यातले साडेचार खोलीलाच जायचे. दिवाळीला घरी आले तेव्हा बाबांनी काही विचारलं नाही, पण परत जाताना पिशवीत तांदूळ, डाळ आणि तिखट भरून दिलं. शिकलेल्या, कमावत्या मुलीला घरून धान्य न्यावं लागतं, हे मला बसमध्ये बसल्यावर जास्त लागलं.

दहा महिन्यांनी नशीब थोडं फिरलं. पांढुर्णा नवा जिल्हा झाला होता, आणि नवा कायदा आला होता की मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस घटनास्थळी गेलाच पाहिजे. माणसं कमी होती. म्हणून संविदावर, म्हणजे कंत्राटावर, काही जागा भरल्या. त्यात माझी निवड झाली. पगार बावीस हजार, हातात वीसच्या आसपास. हेच काम करणाऱ्या पक्क्या नोकरीवाल्याला माझ्या दुपटीहून जास्त मिळायचे. करार दर वर्षी एकतीस मार्चला संपायचा आणि पुढचा कागद वरिष्ठांच्या शिफारशीवर यायचा.

माझे वरिष्ठ, आम्ही त्यांना सर म्हणायचो, छिंदवाड्याला बसायचे. त्यांच्याकडे दोन जिल्हे होते आणि गाडी एकच. ते आठवड्यातून दोनदा पांढुर्ण्याला यायचे. बाकीचे दिवस एका छोट्या खोलीत मी, एक कपाट आणि सामानाची पेटी. कुठून फोन आला की मी माझ्या स्कूटीवर निघायची. पेट्रोलचं बिल लावायची, ते मंजूर व्हायला महिने जायचे. स्कूटी जुनी होती. तिचा पेट्रोलचा काटा बिघडला होता, त्यामुळे टाकीत किती आहे ते कळायचं नाही. दोनदा मी रस्त्यात अडकले. तेव्हापासून मी सीटखालच्या डिक्कीत पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल ठेवायला लागले.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी आठ वाजता फोन आला. रामाकोन्याच्या पुढे एका खेड्यात कापसाने भरलेला कोठा जळाला होता आणि मालकाचं म्हणणं होतं की कोणी तरी आग लावली. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "गाडी इकडंच हाय, एका खुनाच्या मागं. तू जाऊन ये. आगीचे नमुने डब्यात घेजो. पिशवीत नको." मला ते माहीत होतं. जळलेल्या जागी पेट्रोल-रॉकेल असेल तर ते उडून जातं, म्हणून माती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच घ्यावी लागते. सागरला ह्याच प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते.

पेटीत कॅमेरा, हातमोजे, पाकिटं, टेप असं सगळं ठासून भरलं होतं. तीन रिकामे डबे त्यात मावेनात. ते मी डिक्कीत टाकले.

मंगळवार होता. जामसावळीच्या फाट्यावर हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी, नारळांच्या गाड्या, त्यातून वाट काढत मी सौसरला आणि तिथून पुढे गेले. पोहोचले तेव्हा कोठ्यातून अजून धूर निघत होता. कापूस आतल्या आत दिवसेंदिवस जळतो, वरून पाणी टाकलं तरी खाली निखारा राहतो. पत्रे वाकून खाली आले होते. मालक, पन्नाशीचा धिप्पाड माणूस, खाटेवर डोकं धरून बसला होता. तपास करणारे दरोगा, म्हणजे ठाण्याचे फौजदार, माझ्याआधी आले होते.

"एफएसएलवाल्या मॅडम आल्या," दरोगा म्हणाले.

मालकाने माझ्याकडे वर पाहिलं. "एकट्याच? अन्‌ स्कूटीवर?" मग त्याने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाला, आणि पुन्हा खाली पाहू लागला.

जमलेल्या लोकांकडून जे कळलं ते असं. मालकाकडे एक सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राहणारा शेतगडी. मुलगी आजारी म्हणून तो न सांगता चार दिवस घरी राहिला. मालकाने त्याला वर्ष भरायच्या आधीच काढून टाकलं. आदल्या दिवशी भर चौकात दोघांचं भांडण झालं आणि सालदार म्हणाला, "तुया कापसाले आग लागो." साऱ्या गावाने ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे कोठा पेटला.

"आता यात तपासाचं काय रायलं मॅडम?" दरोगा म्हणाले. "तोंडानंच सांगून देलं त्यानं."

मी कॅमेरा काढला. फोटो काढले. दाराजवळची जमीन जास्त जळाली होती, तिथली माती एका डब्यात घेतली. आतल्या कोपऱ्यातली दुसऱ्यात. छताखालून विजेची एक तार लोंबत होती, तिच्या टोकाला तांब्याचा वितळून झालेला मणी होता. ती कापून पाकिटात टाकली. शेवटी नियमाप्रमाणे तुलनेचा नमुना घेतला, म्हणजे जिथे आग पोहोचलीच नाही अशा जागेची माती. कोठ्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर धुरा, म्हणजे शेताचा बांध, होता. तिथली माती तिसऱ्या डब्यात भरली. झाकणं दाबून बसवली, लाख लावली, नोंद लिहून तिच्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. डबे परत डिक्कीत ठेवले, कारण तिथेच ते हलणार नाहीत असं मला वाटलं.

घरी आले तेव्हा बाबांनी विचारलं, "कसं झालं काम?"

"चांगलं झालं," मी म्हटलं. आणि मला खरंच तसं वाटत होतं. एकटीने केलेली ती माझी पहिली आग होती.

सालदाराला त्याच आठवड्यात अटक झाली. सौसरच्या कोर्टात त्याच्या जमानतीचा अर्ज नामंजूर झाला. लॅबचा रिपोर्ट अजून यायचा होता. मी दुसऱ्या कामांत गुंतले. लोधीखेड्याला एक घरफोडी, रेल्वेलाइनजवळ एक बेवारस प्रेत, असे दिवस जात राहिले.

रिपोर्ट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आला. दरोग्यांनी फोन करून सांगितलं, "बधाई हो मॅडम. पेट्रोल निघालं." ते खूश होते. मलाही आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. मी रिपोर्टची प्रत मागवून घेतली, खोलीत बसून वाचली. एक पानाचाच रिपोर्ट. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की डबा क्रमांक एक, दोन आणि तीनमधल्या मातीत पेट्रोलचे अवशेष आढळले.

तीन.

मी ती ओळ पुन्हा वाचली. तिसरा डबा धुऱ्यावरचा होता. तिथे पेट्रोल निघायला नको होतं. ठाण्यातून लॅबला गेलेल्या पत्रात तिन्ही डब्यांपुढे नुसतं 'घटनास्थळाची माती' लिहिलं होतं, त्यामुळे लॅबवाल्यांना कोणता डबा कुठला हे कळायचा प्रश्नच नव्हता. दरोग्यांनी फक्त 'पेट्रोल' हा शब्द पाहिला. सालदाराचा वकीलही तेवढंच पाहणार. तीन नंबरचा डबा म्हणजे काय, हे फक्त माझ्या घटनास्थळाच्या नोंदीत होतं, आणि ती कोणी उघडून पाहणार नव्हतं.

आधी मी स्वतःची समजूत घातली. धुऱ्यावरून कोणाची मोटारसायकल जात असेल. फवारणीचा पंप तिथे ठेवत असतील. पण धुरा दीड हात रुंद होता आणि त्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या, ते माझ्याच फोटोत दिसत होतं. मग मी खाली उतरले, स्कूटीची सीट वर केली आणि डिक्कीत तोंड घातलं. बाटली होती तिथेच होती. झाकणाजवळून ती ओली होती. इतके महिने रोज मी ती डिक्की उघडत होते आणि तो वास मला येतच नव्हता, इतका सवयीचा झाला होता.

दीड तास ते रिकामे, झाकणं न दाबलेले डबे त्या वासात बंद होते.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या सकाळी आई मागे लागली तेव्हा मी दोघांना सांगून टाकलं. बाबा दाढी करत होते, ते वस्तरा हातात धरून तसेच थांबले.

"म्हणजे त्यानं आग लावली नाई?" त्यांनी विचारलं.

"ते मला नाही माहीत, बाबा. लावली असेल, नसेलही. पण पेट्रोलचा जो पुरावा आहे तो माझ्या गाडीतला असू शकतो."

आई भांडी सरकवत म्हणाली, "तू नाई सांगतलं त कोनाले मालूम होईल?"

"कोणालाच नाही."

"मंग?" असं म्हणून ती पुन्हा भांडी सरकवू लागली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला काय वाटत होतं ते मला समजत होतं. त्याच महिन्यात मला पाहायला नागपूरहून एक कुटुंब येणार होतं आणि त्यांना मुलगी सरकारी नोकरीत आहे असं सांगितलेलं होतं.

बाबांनी तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकला. "तुया साहेबाले सांग," ते म्हणाले. "आज नाई त उद्या सांगाच लागन. जितका येळ लावशील तितकं वंगाळ होईल."

दोन दिवसांनी सर आले. मी दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सुरुवातीला ते ऐकत होते, मग त्यांनी टेबलावरची फाइल बाजूला लोटली.

"पेट्रोलची बाटली? अन्‌ त्याच्या संग डबे? काय शिकून आली तू?" आवाज बाहेरच्या शिपायापर्यंत गेला असेल. "बारक्या पोट्ट्याले कळते इतकी गोष्ट."

मी मान खाली घालून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज खाली आला. "बस," ते म्हणाले. "लिहून दे. सारं जसं झालं तसं. पण एक आइक. एकतीस तारखेले तुया करार संपून राहिला. मी शिफारस पाठवली हाय. आता हा कागद वर गेला त तुय्या नावावर फुली पडते. पंधरा दिवस थांब. रिन्युअल हातात आलं की मंग दे. गुन्हा त काही पळून नाई जाऊन राहिला."

ते माझ्या भल्याचं बोलत होते. मी हो म्हटलं.

मी नऊ दिवस थांबले. हे मी आज सरळ लिहिते आहे, पण ते नऊ दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. मी पत्र पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. दोन पानं, खाली सही, तारखेची जागा मोकळी. ते पर्समध्ये घेऊन फिरायची. कोणत्याही घटनास्थळी गेले की हातमोजे तीनतीनदा बदलायची, मोजलेलं पुन्हा मोजायची. पेट्रोलची बाटली पहिल्याच दिवशी फेकून दिली होती, तरी डिक्की धुऊन उन्हात उघडी ठेवायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "स्कूटी इकून राहिली का वं?" आणि ह्या सगळ्यात मी डोक्यात हिशेब करायची की नोकरी गेली तर नागपूरच्या नऊ हजारांवर परत कोण घेईल. तो माणूस जेलमध्ये रोज सकाळी उठत असेल, हे मला आठवायचं, पण हिशेबाच्या नंतर आठवायचं. ह्याची मला अजून लाज वाटते.

नवव्या दिवशी त्याच्या दुसऱ्या जमानत अर्जावर सुनावणी होती. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी घरी सांगितलं की सौसरला काम आहे, आणि गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. मी एका खांबाशी उभी राहिले. आत काय चाललं आहे ते ऐकू येत नव्हतं.

खांबाच्या पलीकडे एक बाई जमिनीवर बसली होती. तिशीची असेल. मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी झोपली होती. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग हातातला घडी घातलेला कागद पुढे केला.

"बाई, तुमी शिकेल दिसता. वकिलानं हा कागद देला. मले वाचता येत नाई. काय लिवलं हाय यात?"

मी घडी उघडली. तो तोच रिपोर्ट होता.

"हे... मातीचा रिपोर्ट आहे," मी म्हटलं.

"थो जळलेल्या कोठ्याचा? काय निंगालं?"

"पेट्रोल निघालं असं लिहिलं आहे."

ती मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी सायकल हाय, बाई. पेट्रोल कायले ठिवन थो?" हे ती मला विचारत नव्हती. तिने बहुतेक हा प्रश्न तोवर साऱ्यांना विचारून झाला होता. मी कागदाची घडी घातली आणि तिला परत दिला. मी कोण हे तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वेळी मला फक्त तिथून निघायचं होतं.

कोर्टाबाहेर येऊन मी सरांना फोन लावला. "सर, मी पत्र आजच देते."

ते म्हणाले, "रिन्युअल नाई आलं अजून."

"हो, माहीत आहे."

"मंग विचार करून बोलून राहिली ना?"

"हो सर."

"ठीक. आजची तारीख टाक. फोटो काढून मले पाठव, अन्‌ खरी प्रत ठाण्यात देऊन पोच घे. मी आजच वर पाठवतो." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तिसरा डबा तू घेतला म्हणून हे निंगालं. थो नसता घेतला त कोनालेच पत्ता नसता लागला. हे बी लिव."

ठाण्यात दरोग्यांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटातलं उचललं. "मॅडम, तुमी कोनाकडून हाय?" त्यांनी विचारलं. मी पोचेवर शिक्का घेतला आणि निघाले. रस्ताभर मला वाटत होतं की मागून कोणीतरी येत आहे. मी दोनदा गाडी थांबवून मागे पाहिलं. कोणी नव्हतं.

पुढच्या पेशीला त्याला जमानत मिळाली. माझं रिन्युअल आलं नाही. त्याऐवजी नोटीस आली की तुमच्यावर कारवाई का करू नये ते सांगा. मी सात ओळींचं उत्तर दिलं. एप्रिल, मे, जून मी घरी होते. अकरावी-बारावीच्या मुलींना बायोलॉजी शिकवलं. नागपूरच्या पाहुण्यांना आईने खरं सांगून टाकलं की नोकरीचं नक्की नाही. ते आले नाहीत. बाबा रोज सकाळी चावी घेऊन निघायचे आणि परत आल्यावर मला काही विचारायचे नाहीत, हेच मला जास्त जड जायचं. फोनवर नोकरीच्या जाहिरातींची पानं पाहून पाहून माझे डोळे दुखायला लागले होते.

मधल्या काळात सर स्वतः जीप घेऊन त्या खेड्यात गेले आणि जळलेल्या जागेची माती नव्याने उकरून आणली. तिच्यात पेट्रोल निघालं नाही, पण लॅबने लिहिलं की इतके महिने झाल्यावर यावरून काही सांगता येत नाही. तारेबद्दल दुसऱ्या विभागाने लिहिलं की शॉर्ट सर्किट झालं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. जुलैत मला पुन्हा घेतलं, त्याच पगारावर, फाइलमध्ये एक ताकीद लावून. सरांनी ते कसं जमवलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मात्र आता आगीच्या जागी मी गाडीशिवाय जाणार नाही असं मी लिहून दिलं आणि त्यांनी त्यावर सही केली.

साक्षीचं समन्स जवळपास वर्षाने आलं. त्याच्या आठवडाभर आधीपासून मी आरशासमोर उभी राहून उत्तरं म्हणायची. मी सरकारची साक्षीदार होते, पण माझी साक्ष सरकारच्या कामाची नव्हती. सरकारी वकिलांनी कोर्टाची परवानगी घेतली आणि मलाच उलट विचारायला सुरुवात केली. हिंदीत विचारत होते.

"आपण संविदावर आहात ना?"

"हो."

"पगार किती?"

मी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. "बावीस हजार," मी म्हटलं.

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकिलांनी पुढे विचारलं, "घटनेच्या वेळी नोकरीला किती महिने झाले होते?"

"सहा."

"म्हणजे आपल्याला अनुभव नव्हता. आज जे आपण सांगता की पेट्रोल आपल्या गाडीतलं असेल, तोही आपला अंदाजच. बरोबर?"

"अंदाज आहे," मी म्हटलं. "पण धुऱ्यावरच्या मातीत पेट्रोल निघालं, तो अंदाज नाही. ते रिपोर्टात आहे."

न्यायाधीशांनी तेव्हा मान वर केली आणि विचारलं, "तिसरा नमुना धुऱ्यावरचा होता हे कुठे लिहिलेलं आहे?" मी माझी घटनास्थळाची नोंद दाखवली. डबा तीन, धुरा, अंतर, दिशा. त्या दिवशी घाईत केलेलं माझं गिचमिड अक्षर. खाली पंचांच्या सह्या होत्या आणि त्यात एक सही मालकाचीही होती. न्यायाधीश ते पान बराच वेळ वाचत राहिले.

काही महिन्यांनी सालदार सुटला. संशयाचा फायदा देऊन. मालक पुढे अपिलाचं बोलत होता असं दरोग्यांकडून कळलं. दरोगा माझ्याशी आता नीट बोलतात, पण घटनास्थळी मी डबे उघडले की उभे राहून पाहतात.

मागच्या हिवाळ्यात सौसरच्या बाजारात मी संत्री घेत होते. ढिगापलीकडे क्रेट उतरवणारा माणूस थांबून माझ्याकडे पाहत होता. कोर्टात मी त्याला एकदाच पाहिलं होतं, पण ओळखलं. त्यानेही ओळखलं. तो हात पुसत पुढे आला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, शिव्या देईल, पाया पडेल, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी मला काय करावं ते कळणार नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "एक गोष्ट पुसू का?"

"विचारा."

"तुमी शिकेल हाय. तुमाले काय वाटते, थे आग कशी लागली असन?"

मी खरं तेच सांगितलं. "मला नाही माहीत. तारेनं लागली असेल. दुसऱ्या कशानं लागली असेल. आता कोणालाच सांगता नाही येणार."

त्याने मान हलवली. "गावात अजूनबी कोनी मले कामावर ठेवत नाई," तो म्हणाला. "सौसरले रोजीनं येतो." त्यात तक्रार नव्हती, तो नुसतं सांगत होता. मुलगी कशी आहे ते मी विचारलं. शाळेत जाते म्हणाला. मग दुकानदाराने त्याला हाक मारली आणि तो दुसरा क्रेट उचलायला गेला. मी संत्र्यांचे पैसे दिले आणि पिशवी घेऊन बसस्टँडकडे चालू लागले.